बजेट कमी, डेस्कटॉप हवा: सोलापुरात जुना ऑप्टिप्लेक्स ३०६० घ्यावा की नवा आय-३?

सोलापुरात कमी पैशांत डेस्कटॉप घ्यायला निघालं की समोर साधारण तीन प्रकारचे डबे येतात. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेला डेल, एचपी किंवा लेनोवो. दुकानात जोडून मिळणारा नवा आय-३. आणि ‘नवा कोरा आय-७, १६ जीबी’ अशी पाटी लावलेला, ज्याचा दर जुन्या डब्याच्याच आसपास असतो. निकाल आधीच सांगतो. टॅली, ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, बिलिंग एवढंच काम असेल तर आय-५ ८५०० प्रोसेसरचा डेल ऑप्टिप्लेक्स ३०६० घ्या, पैसे वसूल होतात. डिझाइनचं काम असेल किंवा मशीन पाच-सात वर्षं बदलायचं नसेल तर नवा आय-३ १२१००. तिसरा डबा घेऊ नका.

त्या तिसऱ्यापासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त पैसा तिथेच बुडतो. प्रोसेसरच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे बोटाने झाका, पुढे उरतो तो जनरेशनचा, म्हणजे पिढीचा, आकडा. ४५७० म्हणजे चौथी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. स्वस्तातल्या ‘नव्या’ आय-७ मध्ये बहुतेक वेळा २६०० किंवा ३७७० निघतो. आय-७ २६०० बाजारात आला जानेवारी २०११ मध्ये. म्हणजे कॅबिनेट नवं, एसएसडी (वेगवान डिस्क) नवी, बोर्डही नवा, पण त्या बोर्डावरचा चिपसेट (सगळे भाग एकमेकांना जोडणारी चिप) एच६१, तोही २०११ चाच, आणि रॅम डीडीआर३. एच६१ मध्ये मुळात यूएसबी ३ नाही आणि साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, वेग ३ गिगाबिटवरच थांबतो. सेकंदाला ५०० एमबी वाचू शकणारी एसएसडी तिथे जेमतेम निम्म्या वेगाने चालते. दुकानात मशीन चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं. पाटी वाचण्यापेक्षा ती ओळ वाचा.

आय-३ पेक्षा आय-५ मोठा आणि आय-५ पेक्षा आय-७ मोठा, हे एकाच जनरेशनच्या आत खरं आहे. बारावीतला आय-३ १२१०० चारच कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग) असूनही आठवीतल्या सहा कोअरच्या आय-५ ८५०० च्या पुढे जातो. दुकानात ‘आय-५ आहे साहेब’ एवढंच ऐकून पैसे मोजले, तर आपण नक्की काय घेतलं ते कळतच नाही.

आठवीच्या अलीकडे आणि पलीकडे

जुना डबा घेताना आठव्या जनरेशनवर इतका जोर का? विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं, शिवाय टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाच्या सुरक्षेचं सेटिंग) लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची जी वाढीव मुदत आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यामुळे सातव्या जनरेशनचा डबा कितीही चकाचक असला तरी त्याचे दिवस मोजलेले आहेत.

आय-५ ७५०० जानेवारी २०१७ मध्ये आला आणि आय-३ ८१०० ऑक्टोबर २०१७ मध्ये. दोन्ही चार कोअरचे, कामात जवळजवळ सारखे, मध्ये अंतर नऊ महिन्यांचं. पण पहिला विंडोज ११ च्या यादीबाहेर आणि दुसरा यादीत. दोन्ही एकाच दरात मिळत असतील तर आय-३ उचला. दुकानदार आय-५ पुढे करेल, तरीही.

चौथ्या-सहाव्या जनरेशनवर रुफस हे पेनड्राइव्ह तयार करणारं मोफत सॉफ्टवेअर वापरून विंडोज ११ टाकता येतं आणि ते चालतंही. पण अशा मशीनला वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती आपोआप मिळत नाही, दरवेळी पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. एक-दोन मशीन असतील आणि हाताशी जाणता माणूस असेल तर ठीक. वीस मशीनच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये हा उद्योग कोण करणार? चौथ्या जनरेशनचा डबा आम्ही एकाच अटीवर सुचवू: त्यावर विंडोजऐवजी मोफत लिनक्स मिंट २२ टाकायचं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, आणि काम फक्त ब्राउझरचं असायला हवं. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही.

मॉडेलवरून जनरेशन ओळखायची तर डेलमध्ये ३०२० चौथी, ३०५० सहावी-सातवी, ३०६० आठवी, ३०७० नववी, ३०८० दहावी. ७०५०, ७०६०, ७०७० चंही तसंच. फक्त ७०२० या नावावर विसंबू नका. डेलने २०१४ मध्ये चौथ्या जनरेशनचा ७०२० काढला आणि २०२४ मध्ये तेच नाव अगदी वेगळ्या, नव्या मशीनला दिलं. एचपीतही असाच घोळ आहे: एलिटडेस्क ८०० चा जी४ आठव्या जनरेशनचा, पण प्रोडेस्क ४०० चा टॉवर किंवा बारीक डब्यातला जी४ सहाव्या-सातव्याचा. प्रोडेस्क ४०० घ्यायचा असेल तर जी५ मागा. लेनोवोत एम७१० नको, एम७२० घ्या.

ऑप्टिप्लेक्स ३०६०: डबा उघडून पाहिला तर

तीन आकारांत येतो. टॉवर, एसएफएफ म्हणजे आडवा-उभा दोन्ही ठेवता येणारा बारीक डबा, आणि पुस्तकाएवढा मायक्रो. बाजारात एसएफएफ सर्वांत जास्त दिसतो. ८५०० ला सहा कोअर, वेग ३.० ते ४.१ गिगाहर्ट्झ, आत यूएचडी ६३० ग्राफिक्स. रॅमचे स्लॉट दोन, कमाल ३२ जीबी. एम.२ स्लॉट आहे, त्यात एनव्हीएमई म्हणजे साटापेक्षा वेगवान एसएसडी बसते, आणि हे महत्त्वाचं, कारण चौथ्या जनरेशनच्या डब्यात हा स्लॉटच नाही. ७०६० मध्ये (मायक्रो सोडून) रॅमचे चार स्लॉट मिळतात. दोहोंत हजार-पाचशेचाच फरक असेल तर ७०६० घ्यावा.

उणिवाही सांगायला हव्यात. पॉवर सप्लाय डेलचा खास आहे, बाजारातला २४ पिनचा बसत नाही. एसएफएफमध्ये तो २०० वॅटचा. ग्राफिक्स कार्ड टाकायचं तर कमी उंचीचं आणि वेगळी पॉवर वायर न लागणारं, एवढीच मुभा. म्हणजे हा डबा उद्या गेमिंगचा करू, असं मनात असेल तर तो विचार इथेच सोडा. मागे एक डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतं, व्हीजीए सहसा नसतं. जुना व्हीजीए मॉनिटर वापरायचा असेल तर कन्व्हर्टर लागतो. वायफायही बहुतेक वेळा नसतं. हे दोन खर्च लोक हिशोबात धरत नाहीत आणि घरी नेल्यावर पुन्हा नवी पेठ गाठतात.

हा माल सोलापुरात येतो तो बहुधा पुण्या-मुंबईच्या आणि हैदराबादच्या कंपन्यांच्या लॉटमधून. शहर पुणे-हैदराबाद महामार्गावरच असल्याने पार्सल यायला वेळ लागत नाही. प्रश्न परत जाण्याचा आहे. ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे बहुतेक ठिकाणी मशीन चालू करून दाखवलं, संपलं. म्हणून दर विचारण्याआधी हे विचारा: पॉवर सप्लाय गेला तर इथे बदलून मिळणार, की मशीन बाहेरगावी जाणार? ज्या दुकानात त्याच मॉडेलचा एखादा उघडा डबा सुट्या भागांसाठी ठेवलेला दिसतो, तिथे चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता दुकानात करायची तपासणी. अर्धा तास लागतो, तो मागून घ्या. नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

मशीन चालू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जा (एचपीला एफ१०, लेनोवोला एफ१). पासवर्ड मागितला तर डबा तिथेच ठेवा. जुन्या कंपनीने लावलेला अ‍ॅडमिन पासवर्ड उघडणं हे आपलं काम नव्हे. बायोसमध्ये सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग दिसतो. तो बाहेर चिकटवलेल्या स्टिकरशी जुळतो का पाहा, आणि मोबाइलवर डेलच्या सपोर्ट साइटवर टाकून मशीन कधी विकलं गेलं ते बघा. टीपीएम चालू आहे ना, तेही इथेच कळतं. मग एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडा आणि पूर्ण होऊ द्या. पंखा, रॅम, डिस्क तिघांची परीक्षा होते.

मशीन चालूच झालं नाही तर पॉवर बटणाकडे पाहा. पिवळा दिवा दोनदा आणि पांढरा तीनदा लुकलुकला तर रॅम सापडत नाही. बहुधा प्रवासात सैल झालेली असते, काढून खोडरबराने टोक पुसून बसवली की चालते. तीनदा पिवळा, एकदा पांढरा म्हणजे बोर्डावरचा सेल संपला. सीआर२०३२, कुठेही मिळतो. तेवढ्यासाठी मशीन नाकारू नका, दर मात्र कमी करून मागा.

एसएसडी तपासायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. आरोग्याचा टक्का आणि चालू राहिल्याचे तास पाहा. हार्डडिस्क असेल आणि रिअ‍ॅलोकेटेड सेक्टरच्या (डिस्कवरच्या खराब झालेल्या जागांच्या) पुढे शून्याशिवाय काहीही असेल, तर ती डिस्क मोजायचीच नाही. आमचं स्पष्ट मत आहे की जुन्या डब्यात एसएसडी नवीच टाकावी. डबा जुना चालतो, आपला डेटा जुन्या डिस्कवर चालत नाही.

विंडोजचा परवाना खरा आहे का? कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर लिहून, जागा सोडून, तिरपी रेघ आणि एक्सपीआर टाका. ‘कायमचं अ‍ॅक्टिव्हेट’ या अर्थाचं वाक्य आलं पाहिजे. पुढची एखादी तारीख दिसली तर दुकानदाराने जुगाड लावलेला आहे, तो त्या तारखेनंतर कुरकुरणार. कंपन्यांच्या डब्यांत प्रो आवृत्तीची किल्ली बहुधा बायोसमध्येच असते, त्यामुळे साफ इन्स्टॉल केलं की परवाना आपोआप लागतो. शेवटी एकदा तरी इंटरनेट जोडून नव्याने इन्स्टॉल करून दाखवायला सांगा. सेटअपमध्ये एखाद्या अनोळखी कंपनीचं लॉगिन मागितलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या यादीतच आहे. ते घेऊ नका.

इन्स्टॉल करताना हमखास येणारी अडचण: नवी एनव्हीएमई एसएसडी बसवली, पण विंडोजच्या सेटअपला डिस्कच दिसत नाही. लोक एसएसडी परत करायला धावतात. दोष एसएसडीचा नसतो. डेलच्या बायोसमध्ये साटाचं सेटिंग ‘रेड ऑन’ असतं, ते एएचसीआय करा, दिसेल. मात्र विंडोज आधीच टाकलेलं असेल तर हे सेटिंग हलवू नका, मशीन सुरूच होणार नाही.

इथली हवा, इथली वीज

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या किंवा चादरीच्या कारखान्यात मशीन ठेवायचं असेल तर वरची सगळी शिफारस थोडी बदलते. लूमच्या शेजारी सुताचे बारीक तंतू हवेत सतत असतात. एसएफएफ डब्यात हवा पुढून आत येते आणि थेट हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, जाते. त्या बारीक पट्ट्यांमध्ये तंतू अडकून काही आठवड्यांत नमद्यासारखा थर बसतो. पंखा जोरात फिरतो, हवा मात्र जात नाही. ८५०० ची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस. तिथे पोहोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि आपल्याला वाटतं टॅली हँग झालं. एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ अंश असतं, तेव्हा ही वेळ लवकर येते. अशा जागी टॉवर घ्या, जमिनीवर ठेवू नका, आणि शक्य असेल तर काचेच्या केबिनमध्ये ठेवा. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, पण पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून. हवेच्या झोताने पंखा वाटेल तसा फिरला तर बेअरिंग खराब होतं.

जुना डबा कुठेही ठेवा, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट मात्र आल्याबरोबर बदला. सात-आठ वर्षांत ती वाळून खडूसारखी होते. हीटसिंकचे चार स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे सैल करत काढा, जुनी पेस्ट स्पिरिटने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी ठेवा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

यूपीएसबद्दल एक जपून ठेवण्यासारखी गोष्ट. कंपनीच्या डब्यांचे पॉवर सप्लाय चांगल्या दर्जाचे असतात, पण काही स्वस्त यूपीएसशी त्यांचं जमत नाही. लाइट गेली की यूपीएस चालू असूनही मशीन बंद पडतं. म्हणून यूपीएस घेताना मशीन लावून, त्यावर काहीतरी काम चालू ठेवून, यूपीएसचा प्लग भिंतीतून पाचदा काढून पाहा. पाचही वेळा मशीन चालू राहिलं तरच घ्या. घरात अर्थिंग नीट नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो ३ व्होल्टच्या आत असावा.

लाइट बिल कमी येईल म्हणून नवं घ्यावं, हा सल्ला फारसा टिकत नाही. जुनं मशीन सरासरी १५ वॅट जास्त खातं असं धरा. रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ४५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला ४५० रुपये.

नवा आय-३ कुणी घ्यावा

फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइन करणाऱ्यांनी, दहा-बारा फुटी बॅनरच्या फाइल उघडणाऱ्यांनी, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी. कोरल ड्रॉसारख्या कामाला एका कोअरचा वेग लागतो आणि तिथे १२१०० सरळ पुढे आहे. सोबत एच६१० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम (१६ ची एकच नको, दोन लावल्या की आतल्या ग्राफिक्सला दुप्पट वाट मिळते), ५०० जीबी एनव्हीएमई आणि नावाजलेल्या कंपनीचा पॉवर सप्लाय. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या ‘४५० वॅट’च्या सप्लायवर भरवसा ठेवू नका. तो गेला तर अनेकदा बोर्डही घेऊन जातो.

कोटेशनमध्ये १२१००एफ लिहिलं असेल तर थांबा. शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घेतल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येत नाही. स्वस्त दिसतो तो याचमुळे. वजनकाट्याला किंवा जुन्या यंत्राला सिरियल पोर्ट हवा असेल, तर बहुतेक एच६१० बोर्डांवर त्याच्या पिना असतात, फक्त मागे लावायची पट्टी वेगळी घ्यावी लागते.

इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचे तळहाताएवढे मिनी पीसीही आता मिळतात. वीज नगण्य खातात, काम साधारण आय-५ ६५०० इतकं करतात, विंडोज ११ च्या यादीत आहेत. दुकानाच्या काउंटरवर बिलिंगला छान. पण रॅमचा स्लॉट एकच आणि बोर्ड गेला तर सगळंच गेलं.

दराचं म्हणाल तर २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅम आणि एसएसडी बरीच महागली, कारण चिप बनवणाऱ्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. याचा फायदा जुन्या डब्याला झाला. आत १६ जीबी डीडीआर४ आधीच असेल तर तीच रॅम नव्यात घालायला मोठी रक्कम मोजावी लागते. म्हणून तुलना अशी करा: जुन्याच्या दरात नवी एसएसडी, वायफाय, कन्व्हर्टर आणि पेस्ट मिळवा. ही बेरीज नव्याच्या पूर्ण कोटेशनच्या ६० टक्क्यांच्या आत असेल तर जुना घ्या. समजा नवा ३०,००० ला पडतो, तर जुना सगळं धरून १८,००० च्या आत बसला पाहिजे. २२,००० ला जात असेल तर तीन वर्षांची वॉरंटी असलेला नवा प्रोसेसर सोडण्यात अर्थ नाही. घेणारा व्यापारी असेल तर बिलावर जीएसटी वेगळा दाखवलेला आहे का तेही त्याने पाहावं. नसेल तर इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, आणि ही रक्कम तुलनेत धरावी लागते.

टायपिंग इन्स्टिट्यूट किंवा एमएस-सीआयटी केंद्रासाठी दहा-वीस मशीन घेणाऱ्यांनी सगळी एकाच मॉडेलची घ्यावीत, एकाच आकाराची. आठ ३०६० आणि दोन प्रोडेस्क असं मिसळून घेतलं तर पॉवर सप्लायपासून पंख्यापर्यंत काहीच एकमेकांना लागत नाही. दर दहा मशीनमागे अकरावं घ्या, त्याच मॉडेलचं, रॅम आणि डिस्क नसलेलं मिळालं तर आणखी स्वस्त. परीक्षेच्या दिवशी एखादं बंद पडलं की एसएसडी काढून त्यात घालायची, पाच मिनिटांत विद्यार्थी पुन्हा टाइप करू लागतो.